किल्ली कुणाच्या हातात?

जपानीत कृत्तिका नक्षत्राला ‘सुबारू’ म्हणतात. याच नावाच्या मोटारीवर सहा तारे असतात. १९७२ पासून ही कंपनी चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या मोटारी विकते. त्या बर्फा-चिखलातूनही निघतात. १९९०च्या दशकात अमेरिकेत कंपनीला दिसलं, की आपल्या ग्राहकांत शिक्षिका, नर्स, एकटीनं घर चालवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. मग तिनं जाहिराती त्यांच्यासाठीच केल्या.

आपल्याकडे हे काम जीपनं केलं. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिज जीप जोडायला घेतली, २००० साली बोलेरो आली. पाटोदा-आष्टीच्या घाटवाटांना एसटी चुकली की जीपच! पण त्यात आपली जागा मागच्या बाकावर, मांडीवर लेकरू, पायाशी पिशवी.

आता कितीतरी अंगणांत गाडी उभी असते. मालक बाहेरगावी, रात्री सासूबाईंच्या छातीत कळ आली, तर ती काय पूजेला ठेवायची? अठरा पूर्ण झालेल्या बाईला शिकाऊ लायसन्स काढता येतं, शिक्षणाची अट नाही. तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. मुलीच्या लग्नात जावयाला गाडी देणाऱ्यांनी आधी मुलीला ती चालवायला शिकवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. (गाडी देऊच नये, हे तर आहेच!)