निरंक दाखल्याचा हट्ट

गेल्या तीन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच दुखण्याची आहेत. सुरक्षा लेखापरीक्षण झाले, अहवाल हाती आला आणि त्यात लिनक्स कर्नेलच्या नावावर हजाराच्या पुढे ओळी निघाल्या. शेवटी शेरा : सर्व सीव्हीई बंद करून निरंक दाखला सादर करावा, मुदत पंधरा दिवस. एका निमसरकारी कार्यालयाने तर निविदेतच अट घातली की पुरवलेल्या प्रणालीत एकही ज्ञात सीव्हीई नसावा. ही अट पुरी करणारा कर्नेल पृथ्वीच्या पाठीवर नाही. जो पुरवठादार त्या अटीखाली सही करतो तो एकतर अट वाचत नाही किंवा खोटे बोलतो, आणि निविदा मात्र त्यालाच मिळते.

अट लिहिणाऱ्याला १३ फेब्रुवारी २०२४ नंतर काय बदलले याची गंधवार्ताही नसावी. त्या दिवसापासून कर्नेल प्रकल्प स्वतःच स्वतःच्या दोषांना सीव्हीई क्रमांक देऊ लागला. त्याआधी बाहेरचा एखादा संशोधक किंवा डिस्ट्रो क्रमांक मागून घेई. कोणी मागितला नाही तर दुरुस्ती मुकाट्याने स्टेबल शाखेत जाई. आता ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि त्यांचे सहकारी स्टेबलमध्ये गेलेले कमिट चाळतात आणि सुरक्षेशी दूरान्वयाने जरी संबंध दिसला तरी क्रमांक देऊन मोकळे होतात. कर्नेल तुम्ही मोबाइलमध्ये चालवता, बँकेत चालवता की शेतातल्या पंपाच्या कंट्रोलरमध्ये, हे त्यांना कळायला मार्ग नाही. म्हणून कोणता क्रमांक कोणाला लागू पडतो हे वापरणाऱ्याने ठरवायचे, असे प्रकल्पाच्या कागदपत्रांत स्वच्छ नमूद आहे. पहिल्याच वर्षात तीन हजारांहून अधिक क्रमांक निघाले. दुरुस्त्या पूर्वीही याच वेगाने होत होत्या. त्यांना नंबर नव्हते म्हणून साहेबांची झोप शाबूत होती. त्यातच २०२४ च्या त्याच फेब्रुवारीत अमेरिकेच्या एनव्हीडीचे छाननी करून गुण देण्याचे काम कोलमडले. उरलेली जागा स्कॅनर विकणाऱ्यांनी आपापल्या अंदाजाने भरली, आणि तो अंदाज आपल्याकडे अंतिम निकाल म्हणून येऊन पडतो.

स्कॅनर बहुतेक वेळा करतो काय, तर युनेम विचारतो आणि आवृत्तीचा आकडा यादीशी ताडून पाहतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ चा कर्नेल आपल्याला ४.१८ म्हणवतो. मूळ ४.१८ ची अपस्ट्रीम देखभाल २०१८ मध्येच संपली. त्यानंतर डिस्ट्रोने त्यात किती बॅकपोर्ट घातले त्याला सुमार नाही. आकडा तेवढा जुना राहिला. त्या आकड्यावरून दोष मोजणे कितपत शहाणपणाचे, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. ऑडिटरला मात्र दर वर्षी नव्याने सांगावे लागते, कारण दर वर्षी ऑडिटर नवा असतो.

नाशिकच्या एका वाचकाचे पत्र नमुन्यादाखल घेऊ. त्यांच्या सर्व्हरला साउंड कार्ड नाही, मॉनिटरही नाही. अहवालात मात्र साउंड ड्रायव्हरचे दोष आहेत, एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचेही आहेत. त्यांनी कॉन्फिग जोडून कळवले की हे मॉड्यूल बिल्डच झालेले नाही. उत्तर आले : उत्पादकाचे पत्र जोडावे. कोणता उत्पादक, असे विचारल्यावर लेखी खुलासा मिळाला की ‘लिनक्स कंपनीचे’. हसण्यासारखे आहे, पण त्या गृहस्थांचे बिल चार महिने अडकून पडले आहे.

आणि हेच कार्यालय सर्व्हर रीबूट करायला तिमाहीत एकदाच परवानगी देते. स्टेबल आवृत्ती साधारण आठवड्याला एक निघते. कर्नेलवाले वर्षानुवर्षे कानीकपाळी ओरडत आहेत की सुटेसुटे पॅच वेचू नका, अख्खी स्टेबल आवृत्ती घ्या, कारण चाचणी त्या अख्ख्या आवृत्तीची झालेली असते. कार्यालयाला हवा असतो प्रत्येक सीव्हीईमागे वेगळा पॅच, वेगळी मंजुरी, वेगळा चाचणी अहवाल. बदल समितीची बैठक भरेपर्यंत दोन-तीन आवृत्त्या पुढे गेलेल्या असतात. म्हणजे रीबूट करायचा नाही, मात्र दोष एकही ठेवायचा नाही. मग उरते ते एक्सेल. आपल्यातले चांगले कर्नेल जाणणारे लोक आज ‘लागू नाही’ हे दोन शब्द हजार वेळा चिकटवण्यात दिवस घालवत आहेत.

यावर उपाय आहे. प्रकल्प प्रसिद्ध करतो त्या प्रत्येक सीव्हीईच्या जेसन नोंदीत दोष कोणत्या कमिटने आला, कोणत्या कमिटने गेला आणि कोणत्या सोर्स फायलींना झळ पोचली, हे दिलेले असते. तुमच्या बिल्डमध्ये कोणत्या फायली खरोखर कंपाइल झाल्या याची यादी तुमच्याकडे निघते. दोन्ही याद्या ताडून पाहा, जुळणार नाहीत त्या ओळी व्हेक्समध्ये ‘बाधित नाही, सदोष कोड अस्तित्वात नाही’ या कारणासह टाका. योक्टोमध्ये अलीकडे याच कामाची स्क्रिप्ट आली आहे. सर्ट-इनच्या २०२४ च्या एसबॉम मार्गदर्शक सूचनांतही व्हेक्स आहे. तेव्हा ऑडिटर नाक मुरडू लागला तर त्याच्याच वरिष्ठ संस्थेचा कागद त्याच्यापुढे ठेवा. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदासुद्धा ज्ञात आणि प्रत्यक्ष गैरफायदा घेता येण्याजोगा दोष नसावा एवढेच मागतो. आपल्या निविदा त्याच्याही पुढे कशा गेल्या हे कोडे आहे.

इथवर साहेबांचे झाले. आता आपले.

डिसेंबर २०२४ मध्ये ४.१९ शाखा बंद झाली तेव्हा ग्रेग यांनी शेवटच्या आवृत्तीसोबत हिशेब दिला होता : त्या शाखेत दुरुस्त न झालेले ९८३ सीव्हीई. ही शाखा सहा वर्षे सांभाळली गेली होती. तरीही आज पुणे-चाकण पट्ट्यातून वाहनांचे डिस्प्ले, गेटवे, मीटर यांत ४.१९ चा बीएसपी घालून माल बाहेर पडतो आहे, आणि विचारले की चिप कंपनीकडे बोट दाखवले जाते. चिप कंपनीने दिलेला कर्नेल तुम्ही पाच वर्षे उघडून पाहिला नाही, त्यावर तीनशे पॅच चढवले आणि त्यातला एकही अपस्ट्रीमला पाठवला नाही, हा दोष कोणाचा? नव्या एलटीएस शाखेला सुरुवातीला दोनच वर्षांची मुदत मिळते. जुन्या शाखा सांभाळणारे थकले आणि वापरणारे चाचणीला फिरकले नाहीत, म्हणून २०२३ मध्ये ही पाळी आली. यापुढे मुदतवाढ हवी असेल तर चाचणीचा भार उचलायला कोणीतरी पुढे यावे लागते. त्या पुढे येणाऱ्यांत मराठी मुलुखातल्या किती कंपन्या दिसतात, हे वाचकांनी स्वतःच पाहावे.

युरोपला माल पाठवणाऱ्यांची तर आता सुटका नाही. सायबर रेझिलियन्स कायद्यातले गैरफायदा घेतला जात असलेल्या दोषांची वर्दी देण्याचे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून, बाकी कायदा ११ डिसेंबर २०२७ पासून. घटकात दोष सापडला तर तो सांभाळणाऱ्याला कळवावा आणि दुरुस्ती केली असेल तर तीही द्यावी, असे त्यात लिहिले आहे. तीनशे पॅच कपाटात ठेवण्याचे दिवस भरले.

म्हणून वाचकांना दोन कामे सांगतो. पहिले : प्रत्येक स्टेबल आवृत्तीआधी तपासणीसाठी आरसी निघते आणि प्रतिसादाला साधारण दोन दिवस मिळतात. तुमच्या बाकावर पडून असलेला एखादा बोर्ड त्या कामाला लावा. बिल्ड करा, बूट करा, ठीक चालले तर टेस्टेड-बाय द्या, बिघडले तर बायसेक्ट करून कमिट कळवा. यासाठी मॅनेजरची मंजुरी लागत असेल तर त्याला वरच्या तारखा दाखवा.

दुसरे : ऑडिटचे असे शेरे कार्यालयाचे नाव, आयपी पत्ते आणि यंत्रांची नावे काळ्या पट्टीने झाकून महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. ते एकत्र करून आम्ही सर्ट-इनला निवेदन देणार आहोत. मागणी एवढीच की मान्यताप्राप्त ऑडिटरांनी व्हेक्स स्वीकारावा आणि नुसत्या आवृत्तीच्या आकड्यावरून दोष लावू नये. पाचपन्नास नमुने असल्याशिवाय असल्या निवेदनाला कोणी विचारत नाही. आणि आरसीचे उत्तर साध्या मजकुरातच धाडा, कंपनीचा रंगीत लोगो आणि गोपनीयतेची तळटीप काढून. एचटीएमएल मेल यादीचा सर्व्हर घेतच नाही.