पाठलागाला ‘यू’, चुंबनाला कात्री

शाळेत चित्रपट मंडळ चालवणाऱ्या आमच्या वाचकांची गेल्या दोन महिन्यांतली पत्रे एकाच तक्रारीची आहेत. एका संस्थेच्या शिक्षिकेने नववीच्या वर्गाला ‘यूए १३+’ प्रमाणपत्राची एक हलकीफुलकी रोमँटिक कॉमेडी दाखवली. तिच्यात एक चुंबन होते. दोन पालकांनी तक्रार केली, शिक्षिकेकडून लेखी खुलासा मागवला गेला आणि आठवड्याभरात संस्थेच्या सर्व शाखांना परिपत्रक निघाले: यापुढे फक्त ‘यू’ चित्रपट दाखवावेत, प्रेमकथा शक्यतो टाळाव्यात. दुसऱ्या एका जिल्ह्यातून असेच तोंडी आदेश आल्याचे तिघांनी कळवले आहे. तोंडी आदेशाची जबाबदारी कुणावरच येत नाही, म्हणूनच तो तोंडी दिला जातो.

‘फक्त यू’ हा नियम ज्यांनी काढला त्यांनी ‘यू’ चित्रपट शेवटचा कधी नीट पाहिला, हे त्यांनी सांगावे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ (१९९५) हा ‘यू’ चित्रपट आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो घरच्यांसोबत पाहिला, अनेकांनी शाळेतही दाखवला असेल. युरोपातल्या रेल्वेत राज अनोळखी सिमरनच्या अंगचटीला येतो, तिची अंतर्वस्त्रे हातात धरून तिची खिल्ली उडवतो. ती चिडते, तोंड फिरवते, जागा बदलते, तरी तो थांबत नाही. पुढे दारूच्या अमलाखाली झोपलेली सिमरन सकाळी त्याच्या खोलीत जागी होते, रात्रीचे तिला काही आठवत नसते, आणि रात्री दोघांत ‘सगळे’ झाल्याचे तो तिला भासवतो. ती रडून कोसळते तेव्हा कुठे, चेष्टा होती, असे सांगतो. प्रेक्षागृह हसते आणि तिथूनच ती त्याच्या प्रेमात पडते. चौदा वर्षांच्या मुलाने यातून काय उचलावे? ती शुद्धीत नव्हती, तिला आठवत नाही, आणि तिचे ते भय हाच विनोद. या प्रसंगावर कोणत्याही पालकाची तक्रार येणार नाही, कारण पडद्यावर कुणी कुणाचे चुंबन घेतलेले नाही.

चित्रपट परीक्षण मंडळाची कात्री कुठे चालते ते आपण पाहत आलो आहोत. २०१५ साली ‘स्पेक्टर’मधली चुंबने निम्म्याने आखूड झाली. २०१७ साली ‘जब हॅरी मेट सेजल’च्या झलकेतल्या एका शब्दावरून मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी एक लाख लोकांची मते आणून दाखवा, असे आव्हान दिले. २०२५ साली ‘सुपरमॅन’मधले ३३ सेकंदांचे चुंबन कापले गेले. सेकंद मोजणे सोपे असते. नायकाने नायिकेचा ‘नाही’ किती वेळा ऐकून न ऐकल्यासारखा केला, हे मोजायचे तर चित्रपट लक्ष देऊन पाहावा लागतो.

आणि हा प्रश्न निव्वळ अभिरुचीचा नाही. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवल्यावरही तिच्या मागे जाणे, जवळीक साधण्यासाठी पुन्हा पुन्हा संपर्क करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. दंडसंहितेत ही तरतूद २०१३मध्येच आली होती. त्याच वर्षीच्या ‘रांझणा’त नायक नायिकेच्या मागे फिरतो, मनगट कापून घेऊन तिच्यावर दडपण आणतो, आणि चित्रपटाची सहानुभूती बराच वेळ त्याच्याच बाजूला असते. २०१५ साली ऑस्ट्रेलियात टास्मानियामधल्या न्यायालयात दोन स्त्रियांचा पाठलाग केल्याचा आरोप असलेल्या एका भारतीय तरुणाच्या वकिलाने, हिंदी चित्रपटांतून त्याला हेच प्रेम वाटत आले, असा बचाव मांडला होता. तो वाचून आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला अस्वस्थ व्हायला हवे होते.

आता प्रमाणपत्राकडे येऊ. १९८३ पासून एकच सरधोपट ‘यूए’ होते. २०२३ची कायदादुरुस्ती आणि मार्च २०२४चे नियम यांनी त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. श्याम बेनेगल समितीने १२ आणि १५ अशी विभागणी २०१६मध्येच सुचवली होती. सरकारला सात वर्षे लागली. तरी सुधारणा स्वागतार्ह आहे. आठवी आणि अकरावी एका पोत्यात भरणे चूकच होते. पण प्रमाणपत्र वय सांगते, कारण सांगत नाही. १३+ हे शिवीमुळे, दारूमुळे, मारामारीमुळे की चुंबनामुळे, हे वर्गासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला कळायला हवे. २०२१च्या नियमांनुसार ओटीटी मंचाला वयासोबत आशयाचे स्वरूप सांगणारी ओळ दाखवावी लागते. तोच चित्रपट चित्रपटगृहात लागतो तेव्हा सुरुवातीच्या प्रमाणपत्रावर ती ओळ का नसावी? मंडळाचे सदस्य चित्रपट पाहून, चर्चा करूनच श्रेणी ठरवतात. कारण त्यांच्या टिपणात असणारच. ते छापायला नवा कायदा लागत नाही.

शिवाय कायद्याने म्हटले आहे की ही वयोमर्यादा पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहे आणि पालकांखेरीज अन्य कुणी ती अंमलात आणू शकत नाही. म्हणजे मंडळ पालकांकडे बोट दाखवते. पालक संमतिपत्रावर न वाचता सही करून म्हणतात, शाळा बघेल. शाळा म्हणते, प्रमाणपत्र बघा. ज्या शिक्षिकेकडून खुलासा मागवला गेला तिच्याकडे सगळ्या पालकांची संमतिपत्रे होती. तक्रार करणाऱ्या दोघांचीही होती. खुलासा मात्र तिनेच द्यायचा, कारण त्या साखळीत चित्रपट पूर्ण पाहिलेली ती एकटीच होती.

आपल्याच लोकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. सकाळी सहकाऱ्याकडून पेन ड्राइव्ह घेऊन दुपारी चित्रपट लावणारे सभासद कमी नाहीत. पोस्टरवरचे नाव आणि कोपऱ्यातली श्रेणी बघितली की यांची पूर्वतयारी संपते. अडचणीचे दृश्य आले की धावत जाऊन पुढे ढकलायचे, म्हणजे साठ मुलांना नेमके कुठे बघायचे ते दाखवून द्यायचे. चित्रपट पूर्ण पाहिल्याशिवाय दाखवणार नाही, एवढा साधा दंडक ज्यांना पाळता येत नाही त्यांनी शाळेचे चित्रपट मंडळ दुसऱ्याकडे सोपवावे.

प्रेमकथा टाळणे हा उपाय नाही. नववीत मुले प्रेमात पडतात, हे ‘शाळा’ कादंबरी आणि त्यावरचा चित्रपट वाचणाऱ्या-पाहणाऱ्यांना सांगायला नको. मुलांना प्रेमाबद्दल बोलायला दुसरी जागा नाही. ‘टाइमपास’मधला दगडू त्यांना पाठ आहे, आणि तो बरोबर वागला का, हे त्यांना कुणी विचारलेले नाही. म्हणून निवडताना आधी हे बघा: ती नको म्हणते तेव्हा कथा थांबते का? तिने मन बदलले तर कशामुळे, त्याच्या हट्टामुळे की तिला काही नवे कळल्यामुळे? हसू कुणाच्या खर्चाने येते: जाड्या मुलीच्या, सावळ्या मैत्रिणीच्या, बायकी मित्राच्या? खोटेपणा उघडा पडल्यावर त्याला काही सोसावे लागते का? दारूच्या अमलाखाली घडलेले चित्रपट कसे दाखवतो? या प्रश्नांच्या कसोटीला उतरणारा ‘यूए १३+’ चित्रपट चुंबनासकट दाखवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. न उतरणारा ‘यू’ चित्रपटही दाखवता येईल, पण मग त्या प्रसंगाला थांबायला हवे. ‘दिलवाले’ आम्ही टाकून देणार नाही. मुलीला पळवून नेण्याची संधी असूनही न नेणारा नायक आणि मुलीजवळ स्वतःच्या तडजोडींचा हिशेब मांडणारी आई त्यातच आहे. त्या सकाळच्या प्रसंगानंतर दिवे लावा आणि मुलींना आधी बोलू द्या.

तेव्हा एक काम करू. प्रत्येक सभासदाने या सत्रात एक रोमँटिक कॉमेडी दुसऱ्या एका शिक्षकासोबत पूर्ण पाहावी. दोघांपैकी एक स्त्री असावी. मग अर्ध्या पानाचे टिपण लिहावे: कोणत्या इयत्तेला दाखवता येईल, कुठे थांबावे लागेल आणि का. टिपणे महिन्याच्या वीस तारखेपर्यंत आमच्याकडे पोचावीत. पुढच्या अंकापासून ती क्रमाने छापू. पुरेशी जमली की त्यांचा संच परीक्षण मंडळाच्या मुंबई कार्यालयाला, प्रमाणपत्रावर कारण छापण्याच्या मागणीसह, सादर करू. खुलासा द्यावा लागलेल्या शिक्षिकेचे टिपण आमच्याकडे आले आहे. पहिले तेच छापत आहोत.