बापाचं मढं आणि इंग्रजीचा पेपर

दर साली परीक्षेचा मोसम आला की वर्तमानपत्रात एक बातमी छापून येते. गाव बदलतं, नाव बदलतं, बातमी तीच. वडिलांचं पार्थिव घरात, मुलगी परीक्षेला. मथळ्यात 'जिद्द' हा शब्द असतोच. खाली पोरीचा फोटो, डोळे सुजलेले. संपादक गहिवरतो. वाचणारा चहा पिता पिता गहिवरतो. जूनमध्ये शाळा सत्कार करते, नारळ देते. आणि एकही माईचा लाल विचारत नाही, की त्या दिवशी त्या पोरीला तिथं बसवलं कुणी?

जिद्दीनं नाही बसवलं. नियमानं बसवलं.

ती गेली नसती तर काय झालं असतं? निकालात त्या विषयापुढं गैरहजर लागलं असतं. गैरहजर म्हणजे त्या विषयात नापास. मग पुरवणी परीक्षेची वाट बघा. तिचा निकाल लागेस्तोवर बऱ्या कॉलेजातल्या बऱ्या जागा भरून जातात. एकदोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत शिरता येतं, हे खरं. पण बाप मेल्याच्या दिवशी घरी थांबली एवढ्या गुन्ह्यासाठी नापासाचा शिक्का कपाळावर घेऊनच शिरायचं. हे ठाऊक होतं म्हणून चुलत्यानं तिला उठवलं आणि गाडीवर घालून केंद्रावर सोडलं. तुम्ही ज्याला जिद्द म्हणता ती जबरदस्ती आहे, दोस्तांनो. वर फुलं टाकलीत म्हणून दिसत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका पोराचा बाप ऐन दहावीच्या परीक्षेत गेला. पोरगं पेपरला गेलं नाही. त्रिशरण झालं, त्यानं बापाला माती दिली. इंग्रजीचा पेपर बुडाला. बाकीचे सगळे पेपर त्यानं दिले. आम्ही दोघंतिघं हेडमास्तरांकडं गेलो. माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, पाणी विचारलं. म्हणाले, "अरे, वाईट झालं. पण त्यात काय एवढं? जुलै आहे की!"

"सर, पोरगं जुलैत कामावर असंल. बाप कमावता व्हता."

ते गप्प बसले. जुलै ज्यांच्या घरात शिल्लक असतो त्यांच्यासाठी जुलै आहे. आपल्या घरात बाप मेला की मार्चातच पोराचं वय वाढतं.

आता कुणी म्हणेल, बोर्डाला माणुसकीच नाही असं म्हणायचं का? नाही. बोर्डाला माणुसकी आहे, पण ती निवडक आहे. राज्याच्या, देशाच्या मैदानावर खेळलात तर वाढीव गुण. चित्रकलेची परीक्षा दिलीत तर वाढीव गुण. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य शिकलात तरी वाढीव गुण. लोककलेलाही आहेत. असू द्या, आमची तक्रार नाही. पण हिशोब बघा. पोराच्या अंगात जे जादा आलं त्याचे गुण बोर्ड मोजतं. पोराच्या अंगावर जे कोसळलं ते मोजायला त्याच्याकडं रकाना नाही. ज्या घरात क्लासची फी भरता येते त्या घरात जादा जमतं. कोसळतं कुठं, ते सांगायला नको.

अपंगांसाठी सवलत आहे. लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. ती लढून मिळालेली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेलचंही नाव आलं. विदर्भातल्या आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांवर हा आजार घराघरात ठाऊक आहे. थकवा आला, ताप आला, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसा तुंबतात आणि हाडं अशी ठणकतात की माणूस लोळतो. आता सांगा, जादा वेळ घेऊन त्यानं करायचं काय? ज्या दिवशी कळ उठते त्या दिवशी तो केंद्रावर नसतोच. तो सरकारी दवाखान्यात सलाइन लावून पडलेला असतो. कायद्यानं त्याला वेळ दिला, पण दिवस दिला नाही.

इथं गुणवत्तेचे ठेकेदार अंगावर येतात. म्हणतात, न दिलेल्या पेपराचे गुण काय हवेतून काढायचे? परीक्षा म्हणजे परीक्षा. सगळ्यांना एक वेळ, एक पेपर, एक नियम. हीच खरी समता!

हवेतून? मग २०२१ साल आठवा. कोरोना आला आणि महाराष्ट्रात दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीच्या वर्षभरातल्या मूल्यमापनाला ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाला २०. झाला निकाल. ९९.९५ टक्के पास! एकाही पोरानं बोर्डाचा एकही लेखी पेपर दिला नव्हता. आभाळ कोसळलं नाही. ते योग्यच झालं. पोरांना मरायला पाठवायचं नव्हतं.

पुढच्या साली, २०२२ मध्ये, परीक्षा झाली. पण अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी केला. केंद्र पोराच्या शाळेतच दिलं. मोठ्या पेपरला अर्धा तास वाढवून दिला. कारण काय? तर पोरांची लिहायची सवय मोडली होती.

लिहायची सवय मोडली! भावांनो, हे वाक्य घरी नेऊन भिंतीवर लिहा. बीडकडं दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाडं उसाला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल डोक्यावर. फडातून परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. शिकणारं पोरगं एक तर मागं आजीपाशी राहून धाकट्यांना सांभाळतं, नाही तर फडात जाऊन मोळ्या बांधतं. त्याची लिहायची सवय दर साली मोडते. त्याला कुणी अर्धा तास दिला? आजार बंगल्याच्या दारात आला तेव्हा बोर्डाला एका रात्रीत सगळी गणितं सुचली. आमच्या दारात तो कायमचाच बसलाय, तेव्हा मात्र नियम म्हणजे नियम.

साहेबाच्या देशाचंही ऐका. आपली मॅट्रिक त्याच्याकडूनच आली. तिथं शाळांच्या परीक्षा घेणाऱ्या मंडळांची एक संयुक्त परिषद आहे, आणि या गोष्टीसाठी तिचा छापील नियम आहे. परीक्षेच्या सुमारास आई-बाप मेले तर पेपरातल्या एकूण गुणांच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढ मिळू शकते. त्याहून लहान संकटाला कमी. सबळ कारणानं एखादा पेपर बुडाला आणि ठरलेला हिस्सा देऊन झाला असेल, तर दिलेल्या भागावरून श्रेणी काढतात. शाळा अर्ज करते, कागद जोडते. कुणी गहिवरत नाही, कुणी नारळ देत नाही. नियम आहे म्हणून होतं. पण तिथंही एक मेख आहे. अचानक आलेलं संकट ते मोजतात. घरात सोयी नाहीत हे कारण चालत नाही. आपल्याला नुसती नक्कल करून भागणार नाही ते याच्यामुळं. आपल्याकडं संकट अचानक येत नाही, ते जन्माच्या दाखल्याबरोबरच येतं.

दुसरा आक्षेप : खोटी सर्टिफिकिटं येतील. येतील. पैसेवाल्यांची आधी येतील. म्हणून मृत्यूचा दाखला घ्या, सरकारी दवाखान्याचा कागद घ्या, शाळेची साक्ष घ्या. चोर येईल म्हणून घराला दारच ठेवायचं नाही, हा कुठला न्याय?

तिसरा आक्षेप आपल्यातलाच आहे आणि तो मला जास्त बोचतो. आपली काही पोरं म्हणतात, पुन्हा सवलत मागायची का? आधीच टोमणे कमी आहेत का? मी त्यांना सांगतो, ही जातीची सवलत नाही. अग्रहारातल्या विधवेच्या पोराचा बाप गेला तरी हा नियम त्याला लागू व्हावा. आणि ऐका. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. शेकडा अडतीसच्या आत. परळच्या चाळीतली एक खोली, अख्खं कुटुंब त्यात, रात्री दोनला बाप उठवायचा तेव्हा अभ्यासाला शांतता मिळायची. केळुसकर गुरुजींनी त्या २८२ कडं बघून तोंड फिरवलं नाही. पुढं पैसा अडला तेव्हा त्यांनीच शब्द टाकला आणि सयाजीरावांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. आकडा कोणत्या खोलीतून आलाय हे बघणारा माणूस भेटला. पण दर पोराला केळुसकर भेटत नाही. म्हणून माणसाच्या चांगुलपणावर नाही, नियमावर हक्क सांगायचा. दया नको. रकाना पाहिजे.

मागण्या सरळ आहेत. घरात मृत्यू, दवाखान्यात भरती, पूर-आग-हल्ला यामुळं पेपर बुडाला तर दिलेल्या पेपरांवरून आणि वर्षाच्या कामावरून गुण द्या, किंवा त्याच निकालाआधी दुसरा पेपर घ्या. गैरहजर आणि नापास हे दोन शब्द वेगळे करा. सिकलसेलच्या पोराला वेळेबरोबर दिवसही द्या. स्थलांतर करणाऱ्यांच्या पोरांना २०२२ सारखा अर्धा तास आणि कारखान्याजवळचं केंद्र मागता येईल असं करा.

आता काम. बोर्ड आपल्याला आकडे आणून देणार नाही, ते आपण काढायचे. येत्या परीक्षेत प्रत्येकानं आपल्या भागातलं एक केंद्र घ्यावं. कोण गैरहजर राहिलं, घरी जाऊन का ते विचारावं, वहीत लिहावं. तारीख, विषय, कारण, कागद कोणता. नाव आई-बापाच्या संमतीनंच. शंभर वस्त्यांच्या शंभर वह्या झाल्या की विभागीय मंडळाच्या दारात जाऊ. मोर्च्यात घोषणा देणारे खूप आहेत, वही धरणारे पाहिजेत.

त्या पोराचं विचाराल तर जुलैत तो गवंड्याच्या हाताखाली होता. वहीत पहिलं नाव त्याचं लिहिलंय, आईला विचारून.

जयभीम.