वजनाची शस्त्रक्रिया आणि पितृत्वाची आशा

लग्नाला तीन-चार वर्षे लोटली आणि पाळणा हलला नाही, की आमच्या बालाघाटातही सर्वांची दृष्टी प्रथम सुनेकडे वळते. मुलाचे सुटलेले अंग मात्र 'खात्यापित्या घरचे' म्हणून कौतुकास पात्र ठरते. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील दोष, एकटा वा जोडीने, कारणीभूत असतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून असे प्रश्न मराठीत उघडपणे मांडले. तेव्हा आम्हीही आज संकोच बाजूस ठेवतो.

अतिस्थूलता पुरुषाच्या जननशक्तीला बाधते ती कशी? मेद हा शरीरातील निष्क्रिय साठा नव्हे. त्यातील ॲरोमॅटेज नावाचे द्रव्य टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. त्यामुळे वृषणांना चेतना देणारे मेंदूचे संदेश मंदावतात. शिवाय मांड्यांच्या मेदाने वृषणांभोवतीची उष्णता वाढते, आणि शुक्रजंतूंना ती मानवत नाही.

जठर लहान करणाऱ्या वा अन्नाचा मार्ग वळविणाऱ्या शस्त्रक्रियेने वजन उतरले, की बहुतेकांचे टेस्टोस्टेरॉन वाढते आणि कामशक्तीही सुधारते. येथपर्यंत वार्ता शुभ आहे. परंतु शुक्रजंतूंविषयी असे निःशंक सांगता येत नाही. काहींत त्यांची संख्या वाढल्याचे आढळले, काहींत फरक पडला नाही, तर काहींत पहिल्या काही महिन्यांत ती घटलीही. झपाट्याने वजन उतरताना जस्त, फोलेट, जीवनसत्त्व ब-१२ यांची उणीव होऊ शकते, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. म्हणून ही शस्त्रक्रिया मधुमेह, रक्तदाब आदींच्या निवारणासाठी अवश्य विचारात घ्यावी. केवळ अपत्यप्राप्तीचा उपाय म्हणून तिच्याकडे पाहू नये.

मग घरच्यांनी काय करावे? शस्त्रक्रियेपूर्वीच वीर्यतपासणी करून घ्यावी. स्त्रीच्या तपासण्यांच्या मानाने ती किती सोपी आहे! संख्या मुळातच अल्प असेल, तर वीर्य गोठवून राखण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. शस्त्रक्रियेनंतर सांगितलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या कंटाळून सोडू नयेत. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेव्हा आज केलेल्या सुधारणेचे फळ उद्याच्या तपासणीत दिसत नाही. पत्नीचे वय अधिक असेल, तर किती थांबावयाचे हे दोघांनी मिळून डॉक्टरांसमोर ठरवावे.

आणखी एक इशारा. अशक्तपणा घालविण्यासाठी कोणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुचवील. मूल हवे असलेल्या पुरुषाने ती घेऊ नयेत. बाहेरून संप्रेरक मिळू लागले, की मेंदूचे संदेश थांबतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती जवळजवळ बंद पडू शकते.

आमच्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांस अभिमान आहे. पण ताटातील भाताची रास उंचावत जाते आणि मुलाचा घेर वाढत जातो, तेव्हा पंचविशीतच त्याला आवरणे हे शस्त्रक्रियेहून स्वस्त पडते. आणि ते जमले नाहीच, तर निदान एवढे व्हावे : व्रते, नवस आणि टोमणे यांचे ओझे सुनेच्या माथी येण्यापूर्वी मुलाने आपण होऊन दवाखान्याची पायरी चढावी. त्यात पुरुषार्थाला उणेपणा नाही.