घरसंसार : सरड्याचे पिल्लू आणि मुडदूस



गेल्या पौर्णिमेची गोष्ट. सकाळची वंदना आटोपून आमची अक्का चहाला बसली होती. तेवढ्यात अमेरिकेतून तिच्या लेकीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, व्हिडिओ फोन आला. भाची टेक्सासमध्ये असते. तिचा दहा वर्षांचा मुलगा फोनवर हुंदके देत होता. त्याच्या वाढदिवसाला त्याला सरड्याचे एक पिल्लू घेऊन दिले होते. ते आता फांदीवर चढेनासे झाले होते. पुढच्या पायांचे कोपर वाकडे झाले होते. समोर किडा आला तर जीभ काढायचे, पण ती अर्ध्यावरूनच परत यायची.

अक्का आधी घाबरली, मग चिडली. म्हणाली, "घरात सरडा ठेवतात का कुणी? आणि रोज जिवंत किडे त्याच्या तोंडी देता, तर सकाळी पंचशील कशाला म्हणायचं?"

मुलगा आणखीच रडू लागला. भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, तुम्हीच सांगा काहीतरी."

मला सरड्यातले काय कळणार? मी म्हटले, आधी जनावराच्या डॉक्टरकडे न्या, मग बोलू. त्यांनी नेले. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद भाचीने मला पाठवला. मीही त्या विषयावर मिळेल ते वाचून काढले. वाचता वाचता लक्षात आले की ही गोष्ट एका सरड्याची नाही, ती आपल्या घराघरांतल्या लेकरांची आहे. म्हणून आजचा लेख.

हा सरडा आपल्याकडचा नव्हे. त्याला व्हेल्ड शॅमेलिऑन म्हणतात. डोक्यावर पदर घेतल्यासारखा उंच तुरा असतो, म्हणून हे नाव. मूळ मुलूख येमेन आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य भाग. अंड्यातून निघते तेव्हा पिल्लू बोटाएवढे असते. नर मोठा झाला की शेपटीसह दीड-दोन फूट भरतो, मादी त्याहून लहान असते. एवढी सगळी वाढ पहिल्या वर्षभरातच होते. माणसाच्या लेकराला जे करायला पंधरा-सोळा वर्षे लागतात, ते हे पिल्लू बारा महिन्यांत उरकते. म्हणून त्याच्या खाण्यात एक महिना चूक झाली, तरी ती हाडांवर दिसते.

मग चूक कुठे झाली? खायला कमी पडले होते का? मुळीच नाही. मुलगा रोज पोटभर रातकिडे घालत होता. पिल्लू भराभर वाढत होते आणि तिथेच घात झाला. रातकिड्याच्या अंगात फॉस्फरस भरपूर असतो, पण कॅल्शियम अगदीच थोडे. हाडे लांब होत होती, पण आत भर नव्हती. सिमेंट कमी घालून भिंत उंच चढवावी तसे ते झाले.

यावर उपाय दोन. पहिला, किडा पिल्लाला देण्याआधी एक दिवस त्या किड्यालाच चांगले खाऊ घालायचे. कोवळा हिरवा पाला, गाजर, भोपळा असे काही. उपाशी किडा म्हणजे रिकामे टरफल. दुसरा, किड्यांना कॅल्शियमची बारीक पूड चोळून द्यायची. पिठात भजी घोळवतो तशी, पण अगदी हलकी. साधी कॅल्शियमची पूड जवळजवळ रोज आणि ड जीवनसत्त्व व इतर जीवनसत्त्वे असलेली पूड महिन्यातून साधारण दोनदा. ही दुसरी पूड रोज दिली, तर तीही अंगावर येते. अक्काने फोनवर विचारले होते, "पानाचा चुना लावला तर?" नाही. तो चुना दाहक असतो, तोंड आणि आतडे भाजून काढतो. पूड वेगळी, चुना वेगळा.

पण भाचीच्या घरी पूड तर होती. डब्यावर तारीखही ताजी होती. मग कोपर वाकले कसे?

इथे खरी मेख आहे. कॅल्शियम पोटात गेले म्हणजे हाडात गेले असे होत नाही. ते आतड्यातून रक्तात यायला ड जीवनसत्त्व लागते. ते अंगात तयार व्हायला उन्हातले अतिनील किरण कातडीवर पडावे लागतात. रानातला सरडा फांदीवर ऊन खात बसतो, तो काही आळशी नसतो, तो औषध घेत असतो. घरातल्या पिंजऱ्यातल्या सरड्याला त्यासाठी अतिनील किरण देणारी खास नळी लावावी लागते. भाचीच्या घरी दिवा होता, पण तो नुसती ऊब देणारा. दुकानदाराने "या एकाच दिव्यात सगळे आले" म्हणून गळ्यात मारलेला. ऊन मिळावे म्हणून पिंजरा खिडकीपाशी ठेवला होता, पण खिडकीला बंद काच! काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण हाडांना लागणारे किरण काच अडवून धरते. त्यामुळे पिल्लू उजेडात बसूनही अंधारातच होते.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडे पातळ झाली होती. पाजायला कॅल्शियमचे औषध दिले, योग्य नळी लावून घेतली, फांद्या खाली बांधायला सांगितल्या म्हणजे पडले तरी मोडणार नाही.

आता अक्काची गोष्ट. हे सगळे मी तिला समजावून सांगत होतो, तर ती मध्येच गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या धाकट्याला झालं होतं, तेच की रे हे."

आमचा धाकटा भाऊ दीड वर्षाचा झाला तरी उभा राहत नव्हता. पाय धनुष्यासारखे वाकलेले. मी लहान होतो, मला धूसर आठवते. अक्का तेव्हा तेरा वर्षांची, तोच तिच्या कडेवर असायचा. चाळीतली तळमजल्याची खोली, दुपारीही दिवा लावावा लागे. आईबाप धम्मात आलेले, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. पण शेजारणी म्हणाल्या, बाहेरची नजर आहे, आणि आईने घाबरून पोराच्या गळ्यात ताईत बांधला. सहा महिने त्यात गेले. शेवटी वडिलांनी तो ताईत तोडून टाकला आणि पोराला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, मुडदूस आहे. औषध दिले आणि पोराला रोज उन्हात न्यायला सांगितले. अक्का त्याला रोज सकाळी गच्चीवर घेऊन बसू लागली. भाऊ चालला. आज तो धडधाकट आहे, पण गुडघ्यांत थोडा बाक राहिलाच. वाकलेले हाड पूर्ण सरळ होईलच असे नसते. ते सहा महिने फुकट गेले नसते तर!

या रोगाचे कोडे सुटायला जगालाही वेळ लागला. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याच्या उजेडात बसवले आणि एक्स-रे काढून दाखवून दिले की हाडे भरून येत आहेत. टेक्सासमधल्या त्या पिंजऱ्यावरची नळी आणि बर्लिनचा तो दिवा यांचे काम एकच. सरड्याला एक शास्त्र आणि माणसाला दुसरे, असे निसर्गात नसते. आणि नजर लागल्याचा तर त्यात कुठेच पत्ता नाही.

आता ज्यांची मुले-नातवंडे परदेशात आहेत आणि असे पिल्लू घरात आहे, त्यांच्यासाठी थोडे नेमके सांगतो.

किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीनदा खायला द्यावे. पुढे सहा महिन्यांपर्यंत रोज एकदा, वर्षापर्यंत एक दिवसाआड आणि मोठे झाल्यावर दोन-तीन दिवसांनी पाच-सहा किडे पुरतात. मादीला तर हात आखडूनच द्यावे. तिला नराशिवायही अंडी होतात आणि जास्त खाल्ले तर ती इतकी होतात की जिवावर बेततात. नुसते रातकिडेच देऊ नयेत, रेशमाच्या अळ्या, पाळलेली झुरळे असा पालट ठेवावा. बागेतले किडे धरून घालू नयेत, त्यांच्यावर फवारणीचे विष असू शकते. काजवा तर कधीच देऊ नये. काही काजवे सरड्याला जागीच मारतात. रात्री उरलेले रातकिडे काढून घ्यावेत, नाहीतर तेच झोपलेल्या पिल्लाला चावतात.

हे जनावर सहसा वाटीतले पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटते. म्हणून सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी फवारावे आणि मधल्या वेळात पिंजरा वाळू द्यावा. विष्ठेतला पांढरा भाग पांढराच असेल तर पाणी पुरते आहे, केशरी झाला किंवा डोळे खोल गेले तर कमी पडते आहे. पिंजरा जाळीचा, हवा खेळती. नळी दिवसा बारा तास, रात्री पूर्ण अंधार. बसायच्या जागी साधारण २७ ते २९ अंश ऊब पुरे. एका पिंजऱ्यात एकच पिल्लू. सारखे हातात घेऊ नये आणि हात लावला तर साबणाने धुवावा.

आणि एक वही घालावी. ही माझी कारकुनी सवय, पण इथे उपयोगी पडली. नातवाला मी सांगितले, आठवड्याला वजन ग्रॅममध्ये लिही, किडे किती, पूड कोणती, आणि नळी लावल्याची तारीख. कारण नळी डोळ्यांना उजेड देत राहते, पण तिचे किरण सहा महिने ते वर्षभरात मंदावतात. ते डोळ्यांना दिसत नाही, वहीत दिसते.

आता अक्काचा दुसरा प्रश्न. जिवंत किडे खाऊ घालणे पंचशीलात बसते का? प्रश्न टाळण्यासारखा नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना एक भेद दाखवला आहे. गरजेपोटी होणारी हत्या वेगळी आणि मारण्याच्या हौसेने होणारी हत्या वेगळी. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. सरडा किडे खाऊनच जगतो, त्याला भाकरी चालत नाही. एकदा त्याला घरात आणले, तर त्याचे पोट ही आपली जबाबदारी झाली. पण मग हाही प्रश्न विचारलाच पाहिजे की आणायचेच कशाला? नुसती हौस म्हणून प्राणी कोंडायचा, आणि त्याला काय लागते हे शिकायचेही नाही, ही करुणा नव्हे. नातवाला मी हेच सांगितले. आता आणले आहेस, तर नीट सांभाळ. कंटाळा आला म्हणून रानात मात्र सोडू नकोस. फ्लोरिडात आणि हवाई बेटांवर हेच सरडे माणसांच्या हातून बाहेर गेले आणि तिथल्या जीवांना आता उपद्रव झाला आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रात याचा भाऊबंद आहे, घोयरा सरडा. गावाकडे तो विषारी म्हणून किंवा अपशकुनी म्हणून पोरे त्याला दगडाने ठेचतात. त्याला विष नाही. तो रंग बदलतो तो मूड, ऊब आणि उजेड पाहून, कुणाला फसवायला नव्हे. निवडणुकीआधी रंग बदलणाऱ्यांना आपण उगाच त्याचे नाव देतो! वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा आहे. परदेशी जातींनाही २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीचे नियम लागू आहेत. म्हणून मुलांनी हट्ट धरला, तर त्यांना बाभळीवरचा घोयरा लांबून दाखवा, डोळे दोन दिशांना कसे फिरवतो ते पाहू द्या.

आणि भगिनींनो, घरातल्या खऱ्या पिल्लांकडे लक्ष द्या. झोपडपट्टीत, चाळीत, उंच इमारतींच्या मधल्या अंधाऱ्या खोल्यांत आजही लेकरे उन्हाविना वाढतात. बाळाला थोडा वेळ काचेबाहेरच्या कोवळ्या उन्हात न्या. डॉक्टर ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहून देतात, ते चुकवू नका, आणि मनाने जास्तही देऊ नका. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी-आंबील, तीळ, काट्यासकट खाल्ली जाणारी सुकट, हे आपल्या आई-आजीचेच अन्न आहे, त्याची लाज कसली? पोर उशिरा चालत असेल, पाय वाकत असतील, तर ताईत नको, दवाखाना गाठा. एक महिनाही दवडू नका.

टेक्सासचे पिल्लू आता फांदीवर चढते. जीभ पुन्हा नेमकी लागते. उजव्या कोपरात थोडा बाक राहिला आहे, तो राहील. परवा फोन आला तेव्हा अक्काने आधी जावयाची चौकशी केली नाही. नातवाला विचारले, "नळीची तारीख वहीत लिहिलीस का रे?"

जयभीम! नमो बुद्धाय!