परसाकडचं कोण विचारणार?

मैत्रिणींनो, पुढचं वाचून काही जणींना नाक मुरडावंसं वाटेल. खुशाल मुरडा, पण पान उलटू नका. पाळीबद्दल आपण उघड बोलायला लागलो तेव्हाही नाकं मुरडली गेलीच होती.

पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही बायकांचं आरोग्य शिबिर घेतलं. फॉर्म मी बनवला होता. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या बाईनं बनवावा तसा नेटका: पाळी, पांढरं जाणं, बाळंतपणं, गर्भपात, रक्त कमी असणं, नवऱ्याची मारहाण. फॉर्म भरून झाला तरी एक चाळिशीतली बाई उठेना. मी विचारलं, "आक्का, अजून काही आहे का?"

"हाय. पण तुमच्या कागदावर न्हाई."

मग तिनं खालच्या आवाजात सांगितलं. दहा वर्षं झाली, परसाकडला बसलं की कितीही कळ दिली तरी मोकळं होत नाही. काहीतरी आतून दाराशी येऊन अडतं. फडकं गुंडाळून बोटानं मागे सारावं लागतं, तेव्हा कुठे थोडं होतं. घरी येऊन चूल पेटवेपर्यंत पुन्हा कळ. कधी आव पडते, कधी रक्त. एरवीही लुगड्याला डाग लागतो, म्हणून लग्नाकार्याला जाणं सोडलेलं. मूळव्याध म्हणून दोनदा ऑपरेशन झालं होतं, एक रस्त्यावरच्या पाटीवाल्याकडे आणि एक दवाखान्यात. पुढे 'खाली जड वाटतं' म्हणाली तर पिशवीच काढली. तक्रार जिथल्या तिथे. सोनोग्राफीचे कागद तिनं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. सगळे नॉर्मल. "कागद बरोबर हाय म्हंजी मीच खोटी का, ताई?"

ती खोटी नव्हती. गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, कळ देताना स्वतःतच दुमडून खाली उतरतो. ब्लाऊज काढताना बाही निम्मी आतच उलटी होऊन अडकते, तसं. तो बाहेर आला तर डोळ्यांना दिसतो, त्याला आपल्याकडे गुदभ्रंश म्हणतात. आतल्या आत उतरला तर बाहेरून काहीच दिसत नाही. पुष्कळदा याच्या जोडीला गुदाशयाची पुढची भिंत योनीकडे फुगते, किंवा गर्भाशय आणि मूत्राशयही खाली सरकतात. कारण एकच नसतं. वर्षानुवर्षं कळ देणं, अवघड बाळंतपणं, कटीतळाचे सैलावलेले स्नायू, यांतलं बरंचसं असू शकतं. मूल न झालेल्या बाईलाही हे होतं.

आता तपासणीचं बघा. बाईला टेबलावर उताणी झोपवतात, 'अंग सैल सोडा' म्हणतात आणि मग काहीच दिसत नाही. दिसेल कसं? दुखणं बसल्यावर आणि कळ दिल्यावरच होतं. पोटाच्या सोनोग्राफीत हे सापडत नाही. दुर्बिणीतूनही बहुधा सुटतं. फार तर आत एखादा व्रण दिसतो. हे पाहायची वेगळी तपासणी आहे, डिफेकोग्राफी. गुदाशयात बेरियमची घट्ट लापशी भरतात, बाईला कमोडवर बसवतात, आणि ती मोकळी होत असताना एक्स-रेनं हलतं चित्र घेतात. आता हेच एम.आर.आय.वरही करतात, पण बहुतेक ठिकाणी झोपवूनच, आणि झोपलेल्या बाईत दुमड हुकू शकते. ही तपासणी लाजिरवाणी आहे हे खरं. म्हणूनच ती कोण करतं, खोलीत किती माणसं असतात, आडोसा आहे का, हे आपण विचारलं पाहिजे.

पण या चित्रापुढेही लोटांगण घालायला नको. १९८९ साली 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. काहीही तक्रार नसलेल्या ४७ तरुण माणसांची अशीच चित्रं काढली होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांत अशी दुमड दिसली. म्हणजे दुमड दिसली की आजार आहेच असं नाही, की लगेच कापा असंही नाही. बाईचं म्हणणं आणि चित्र, दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं असतं. आपल्याकडे बाईचं म्हणणं वाचतंच कोण?

डॉक्टर म्हणतात, बायका सांगतच नाहीत. हे मला पटत नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये १९८९ सालीच आला. ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. कुणी विश्वासानं विचारलं, तपासलं, म्हणून ते बाहेर आलं. चळवळीनं तो अभ्यास डोक्यावर घेतला ते योग्यच झालं. पण आपण गर्भाशयापाशी थांबलो. त्याच्या मागे चार बोटांवर असलेल्या वाटेबद्दल आपणही सोवळंच पाळलं. माझा फॉर्म हा त्याचा पुरावा.

याची किंमत बायकांनी मोजली आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची २०१९ साली पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या किती जणींचं 'खाली जड वाटणं' गर्भाशयाचं नव्हतंच, हे त्यांना कुणी विचारलं होतं का? पाथर्डी-जामखेडच्या बायका त्याच उसात जातात. २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. कारखान्याच्या तळावरच्या कोपीत तो संडास दाखवा. तिथे बाई अंधार पडेपर्यंत दाबून धरते, पाणी कमी पिते, मळ घट्ट होतो, मग कळ द्यावी लागते, आणि वर डोक्यावर मोळी. त्यावर इसबगोलची पुडी देऊन 'तुम्ही फार विचार करता' असं सांगायचं म्हणजे थट्टाच.

काही कार्यकर्त्या म्हणतील, मजुरीचा प्रश्न सोडून हे काय काढलंस? मजुरी करणारी बाई मधेच उठून गेली की त्या खाड्याचे पैसे मुकादम कापतो. हा मजुरीचाच प्रश्न आहे.

आपल्या प्रत्येक शिबिराच्या फॉर्मात आता चार प्रश्न घाला. मोकळं होत नाही असं वाटतं का? पुन्हा पुन्हा जावं लागतं का? बोटाचा आधार घ्यावा लागतो का? नकळत डाग लागतो का? विचारायला डॉक्टर लागत नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०च्या दशकापासून गावातल्या, पुष्कळशा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यांना हे कधीच जड गेलं नसतं. दवाखान्यात मागणी करा की बाईडॉक्टरनं बोटानं तपासावं, कळ द्यायला लावून तपासावं, बाईला उकिडवं बसवून पाहावं. याला मशीन लागत नाही. रक्त जात असेल तर मात्र आतली दुर्बिणीची तपासणी टाळू नका, कर्करोग नाही ना हे आधी बघायलाच हवं. आणि मूळव्याधीवर किंवा पिशवीवर सही मागितली तर 'माझी तक्रार यानं जाणार का' हे लिहून मागा.

आक्काला आम्ही पुण्याला नेलं. तपासणीत दुमड दिसली, पुढच्या भिंतीचा फुगाही दिसला. तिथल्या डॉक्टरनं ऑपरेशनची घाई केली नाही. मळ मऊ ठेवायचं औषध दिलं, पायाखाली पाट घेऊन बसायला सांगितलं, आणि फिजिओथेरपीच्या बाईंनी कटीतळाचे स्नायू आवळायचे कसे आणि कळ न देता सैल सोडायचे कसे ते शिकवलं. चार महिन्यांत बोट लावायची वेळ कमी आली. बंद नाही झाली. एवढ्यानं भागलं नाही तर ऑपरेशनचा विचार करू, असं ठरलं. वजन उचलू नका, असंही त्या बाईंनी बजावलं होतं. दसरा झाला आणि उचल फेडायला ती नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेली.