अर्धी किल्ली

गेल्या महिन्यात घरी, लासूर स्टेशनला, गेलो होतो. रात्री जेवताना अण्णांनी विचारलंच, "तू तिकडं नेमकं काय करतो रे?"

आता आईबापांना मेनफ्रेम कसा समजवायचा? म्हटलं, "बँकेच्या किल्ल्या सांभाळतो." अण्णा निवृत्त हेड कॅशियर. हसायलाच लागले. "मंग मी काय येगळं केलं?"

खरंच, काय वेगळं? स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे, एक अण्णांकडे. एकट्याला दार उघडत नाही. या एका किल्लीपायी अण्णांनी किती लग्नं बुडवली ते आईला विचारा!

आमच्याकडे तिजोरीच्या जागी क्रिप्टो कार्ड असतं. तुम्ही एटीएमवर दाबलेला पिन अशाच पेटीच्या आत तपासला जातो, बाहेर आम्हालाही दिसत नाही. हजारो किल्ल्या डिस्कवर असतात, पण सगळ्या एका मास्टर की-खाली कुलूपबंद. ती मास्टर की फक्त कार्डाच्या पोटात. पेटी फोडायला गेलात तर कार्ड स्वतःच ती पुसून टाकतं.

गंमत पुढे आहे. ही मास्टर की कुणालाच माहीत नसते. दोघं-तिघं आपापला ६४ आकडे-अक्षरांचा भाग वेगवेगळा भरतात, कार्ड आत त्यांचा एक्स-ऑर करतं. माझ्या भागावरून पूर्ण किल्लीचं एक अक्षरही ओळखता येत नाही. अण्णांच्या कुलपापेक्षा भारी!

फक्त माणसं तीच आहेत.

मागे एका शनिवारी रात्री दोन वाजता मास्टर की बदलायची होती. दुसरा भाग जिच्याकडे, ती तापाने फणफणलेली. कॉलवर साहेब म्हणाले, "तिच्याकडून फोनवर घे ना नंबर, टाकून दे. किती वेळ लागतो?" मी नाही म्हणालो. काम आठवडाभर पुढे गेलं आणि अप्रेझलमध्ये 'फ्लेक्सिबिलिटी कमी' असा शेरा आला. (वाचताय ना साहेब?)

माझं म्हणणं एवढंच आहे की तो नंबर एकदा फोनवर ऐकला की त्या महागड्या कार्डाचं साधं कपाट होतं. दोन भाग एका डोक्यात गेले म्हणजे संपलंच. आणि हे कुठल्याही लॉगमध्ये दिसत नाही. तिथे दोघांनी भरलं असंच दिसणार!

"पण पेटी तर फुटत नाही ना?" असं म्हणणाऱ्यांनी पुण्याची कॉसमॉस बँक आठवावी. ऑगस्ट २०१८, सुमारे ९४ कोटी. तिथे चोरट्यांना स्ट्राँगरूम फोडावी लागलीच नाही. मधे खोटं स्विच बसवलं, आणि एटीएमचा प्रश्न बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचायच्या आत तेच 'हो, द्या पैसे' म्हणत राहिलं. पेटी मजबूत आहे म्हणून चोर आजूबाजूच्या गोष्टी शोधतो. त्यात आपणही आलो.

असो. हे सगळं अण्णांना सांगून झालं. त्यांनी शांतपणे हात धुतले आणि विचारलं, "डुप्लिकेट कुठं ठेवता? आमच्या तर दुसऱ्या ब्रँचला असायच्या."

"स्मार्ट कार्डं आहेत ना, दुसऱ्या बिल्डिंगमध्ये, तिजोरीत."

"दोघांचीबी एकाच तिजोरीत?"

मी वरण वाढून घेतलं. सोमवारी बघतो.